निळीच्या हौदांतील अदृश्य कारागीर

अलीकडे व्यापारी जगांत एक नवें आश्वासन वारंवार ऐकूं येऊं लागलें आहे. कापडाचे, खाद्यपदार्थांचे व प्रसाधनांचे रंग यापुढें डांबरापासून किंवा खनिज तेलापासून काढावयाचे नाहींत, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्मजंतूंकडून तयार करवून घ्यावयाचे, असें हें आश्वासन आहे. जंतूंना साखरेचें खाद्य द्यावें, पोलादी टाकींत त्यांची वाढ करावी, आणि त्यांच्या देहांतून अगर भोंवतालच्या पाण्यांतून रंग गाळून घ्यावा. शेतही नको आणि विषारी रसायनेंही नकोत, अशी ही योजना. ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिचीं कांहीं अंगें आज प्रत्यक्ष व्यवहारांत आलेलीं आहेत. परंतु तिच्या पुरस्कर्त्यांच्या बोलण्यांत जो नवलाईचा सूर असतो, तो मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. जंतूंकडून रंगाचें काम करवून घेणें ही मनुष्याची फार जुनी विद्या आहे, आणि या विद्येचें एक प्रमुख क्षेत्र म्हणजे आपल्याच देशांतील निळीचा धंदा होय. रंगाच्या एका साधनाची जागा दुसरें साधन घेतें तेव्हां कोणाचें काय होतें, हेंही या धंद्याच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें. म्हणून तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना आपल्या घरीं जी नीळ देतात ती या लेखाचा विषय नव्हे. तीं निराळीं व कारखान्यांत बनणारीं द्रव्यें होत. आम्ही लिहीत आहों तें गुळीच्या झुडुपापासून निघणाऱ्या निळीविषयीं. या झुडुपाच्या हिरव्या पानांत निळा रंग कोठेंही दिसत नाहीं. त्यांत इंडिकन नांवाचें एक रंगहीन द्रव्य असतें. कापलेल्या झुडुपांच्या पेंढ्या मोठ्या हौदांत पाण्याखालीं दडपून ठेवल्या म्हणजे कांहीं तासांत पाणी आंबूं लागतें, त्यावर फेंस येतो, आणि इंडिकनाचे दोन भाग होतात. एक साखर व दुसरा इंडॉक्सिल. हें पिंवळसर हिरवें पाणी खालच्या हौदांत सोडीत, आणि कमरेइतक्या पाण्यांत उभे राहिलेले मजूर वल्ह्यासारख्या दांड्यांनीं तें तासन्‌तास घुसळीत. घुसळण्यानें हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळतो, त्याच्या योगानें इंडॉक्सिलाचे दोन दोन कण एकमेकांस जोडले जातात, आणि पाण्याचा रंग पालटून निळा गाळ तळाशीं बसूं लागतो. हा गाळ उकळून, दाबून, वाळवून त्याच्या वड्या पाडल्या कीं बाजारांतील नीळ सिद्ध झाली.

पण एवढ्यानें काम संपत नाहीं. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं, आणि जें विरघळत नाहीं तें सुताच्या अंतरंगांत शिरावें कसें? त्यासाठीं रंगाऱ्याला निळीवर प्राणवायूच्या क्रियेच्या नेमकी उलट क्रिया घडवून आणावी लागते. रसायनशास्त्रांत हिला क्षपण म्हणतात. क्षपण झालेली नीळ पिंवळट होते व चुन्याच्या पाण्यांत विरघळते. तींत बुडविलेलें कापड बाहेर काढलें कीं प्रथम हिरवट दिसतें, आणि वारा लागतांच पाहतां पाहतां निळें होतें. आपल्याकडील रंगारी हें क्षपण कारखान्यांतील कोणत्याही रसायनावांचून करीत. रांजणांत नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचें म्हणजेच तरोट्याचें बीं घालावयाचें, रांजण उबेंत ठेवावयाचा, आणि कांहीं दिवस वाट पाहावयाची. पाण्यावर तांब्याच्या झळाळीची साय धरली व खालचें पाणी पिंवळें झालें, म्हणजे रांजण 'आला' असें समजावयाचें. सोलापूर, नगर, पुणें या जिल्ह्यांत निळींत सूत व कापड रंगविणाऱ्या निराळी जातीची वस्ती असल्याची नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत आढळते. हे लोक ज्याच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरीत होते तें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें नाकांत, जिभेंत आणि बोटांच्या टोकांत होतें.

त्या रांजणांत काम कोण करीत होतें? गुळावर व बियांच्या पिठावर वाढणारे जंतु. आंबवणाच्या क्रियेंत ते जी क्षपणशक्ति उत्पन्न करितात तीच निळीला विरघळवते. जुन्या रांजणांतला गाळ नव्या रांजणांत थोडा घालण्याची जी चाल रंगाऱ्यांत होती, तिचें मर्म आपल्या घरांतील कोणतीही गृहिणी चटकन ओळखील. हें विरजणच होय. आदल्या दिवसाच्या दह्याचा चमचाभर अंश जसा आजच्या दुधाला लावावयाचा, तसाच हा प्रकार. दह्यांतले जंतु कोणीं पाहिले नव्हते आणि निळींतलेही कोणीं पाहिले नव्हते. पण दोन्ही ठिकाणीं ते पाळले मात्र जात होते. पाहणें आणि पाळणें या दोन गोष्टींत पाळणें आधीं आलें, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

युरोपांत हीच विद्या निराळ्या झाडावर चालत असे. तिकडे वोड नांवाच्या वनस्पतीच्या पानांपासून तीच नीळ, परंतु फार थोडी, निघत असे. इंग्लंडांतील संशोधकांनीं मध्ययुगीन पद्धतीनें वोडचें कुंड पुन्हा लावून पाहिलें, आणि त्यांतून एक जंतु वेगळा काढला. १९९९ सालीं त्याला क्लॉस्ट्रिडियम आयसाटिडिस असें नांव मिळालें. ज्या कारागिरानें शतकानुशतकें युरोपाचीं वस्त्रें निळीं केलीं, त्याचें नांव जगाला विसावें शतक संपतां संपतां कळलें!

या वोडच्या शेतकऱ्यांवरच पहिला आघात झाला, आणि तो आघात हिंदुस्थानच्या निळीनें केला. निळीला ग्रीक व लॅटिन भाषांत जें नांव होतें त्याचा अर्थच मुळीं 'हिंदी वस्तु' असा होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें कोल्लम येथें नीळ कशी करितात याचें वर्णन लिहून ठेवलें. १४९८ सालीं वास्को द गामा समुद्रमार्गानें आला, आणि त्यानंतर सरखेज व बयाना येथील नीळ जहाजें भरभरून पश्चिमेस जाऊं लागली. आपली नीळ वोडपेक्षां कितीतरी पटींनीं जोरदार व म्हणून स्वस्त. वोड पिकविणारे देश हवालदिल झाले. जर्मनींत १५७७ सालीं या रंगास सैतानी रंग ठरवून त्यावर बंदी घालण्यांत आली. पण बंदीनें बाजार थांबत नाहीं. कालांतरानें वोडचीं शेतें ओस पडलीं. आपल्या मालाच्या या विजयाचा आपणांस अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु त्या विजयाखालीं चिरडला गेलेला मनुष्य हा शेतकरीच होता, एवढें ध्यानांत असूं द्यावें. कारण पुढचा आघात आपल्या शेतकऱ्यावर व्हावयाचा होता.

एकोणिसाव्या शतकांतील बंगालची कहाणी बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. निळवाल्या साहेबांनीं रयतेला उचल द्यावी, त्या उचलीच्या बेडींत तिच्याकडून भाताच्या उत्तम जमिनींत सक्तीनें नीळ लावून घ्यावी, आणि मालाला भाव मात्र आपल्या मनास येईल तो द्यावा, हा तेथील रिवाज. १८५९-६० सालीं रयतेनें नीळ पेरण्याचें साफ नाकारलें. दीनबंधु मित्र यांचें 'नीलदर्पण' हें नाटक १८६० सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला १८६१ सालीं दंड व कैद भोगावी लागली. यानंतर धंद्याचा मुख्य भार बंगालमधून बिहारकडे सरकला. जागा बदलली, रीत फारशी बदलली नाहीं.

इकडे हौदांत नीळ आंबत होती, तेव्हां तिकडे युरोपांतील प्रयोगशाळांत तिच्या अंतरंगाचा शोध चालला होता. १८२६ सालीं उन्फेरडोर्बेन या जर्मन रसायनज्ञानें नीळ तापवून तिच्यापासून एक तेलकट द्रव्य काढलें. १८४० सालीं फ्रिट्‌शे यानें निळीपासून तेंच द्रव्य निराळ्या रीतीनें मिळविलें व त्यास 'अनिलिन' असें नांव दिलें. हें नांव पोर्तुगीज 'अनिल' वरून आलें, 'अनिल' अरबी 'अन्‌-नील' वरून, आणि 'नील' हा शब्द आपला. पुढें हेंच द्रव्य डांबरापासूनही निघतें असें आढळलें. १८५६ सालीं अठरा वर्षांचा विल्यम पर्किन अनिलिनावर प्रयोग करून कोयनेल बनवावयास गेला आणि त्याच्या हातीं जांभळा रंग लागला. त्या दिवसापासून कृत्रिम रंगांचा कारखानदारी उद्योग सुरू झाला. ज्या उद्योगानें निळीचा नाश केला, त्याच्या मूळ द्रव्याचें नांव निळीवरूनच पडलेलें असावें, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

आडोल्फ फॉन बायर यानें १८६५ च्या सुमारास निळीचा अभ्यास आरंभिला, १८८० सालीं ती प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें बनविली, आणि १८८३ सालीं तिची रचना निश्चित केली. पण प्रयोगशाळेंत एक चिमूट बनविणें निराळें आणि बाजारांत शेतकऱ्याच्या मालापेक्षां स्वस्त विकणें निराळें. या दोहोंमधलें अंतर कापण्यास बाडिश कंपनीला, म्हणजे आजच्या बी. ए. एस्. एफ्. ला, कित्येक वर्षें लागलीं व सुमारें १ कोटि ८० लक्ष सुवर्णमार्क खर्च आला. १८९० सालीं हॉयमान यानें जी वाट दाखविली तींत आरंभीचें द्रव्य होतें नॅफ्थॅलीन, म्हणजे आपण कपड्यांच्या पेटींत कसर लागूं नये म्हणून ठेवतों त्या डांबराच्या गोळ्यांचें द्रव्य. त्यावर तीव्र गंधकाम्लाची क्रिया फार मंद होत असे. एके दिवशीं पात्रांत उष्णतामापक फुटला, पारा आंत सांडला, आणि क्रिया एकदम भरभर चालूं लागली, अशी हकीगत सांगतात. १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली. त्या वर्षीं वनस्पतींपासून निघणाऱ्या निळीचें जगांतील उत्पादन अजमासें १९,००० टन होतें; १९१४ पर्यंत तें १,००० टनांच्या आसपास येऊन ठेपलें. सतरा वर्षांत एक प्राचीन धंदा जवळजवळ नाहींसा झाला.

याच संकटकाळांत हौदांतील जंतूंविषयीं एक वाद रंगला. १८८७ सालीं आल्व्हारेझ या शास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें होतें कीं, नीळ ही जंतूंच्या आंबवणानेंच तयार होते. कारण पानांचा काढा उकळून निर्जंतुक केला तर तो निळा होत नाहीं, आणि त्यांत विशिष्ट जंतु घातला कीं होतो. हा पुरावा पहिल्या दर्शनीं बिनतोड वाटतो. पण उकळल्यानें नुसते जंतूच मरत नाहींत. पानांतील स्वतःचें किण्व, म्हणजे इंडिकन फोडणारा पाचक रस, तोही नष्ट होतो. मग खरा कर्ता कोण? हॉलंडांतील बायेरिंक या थोर जंतुशास्त्रज्ञानें १९०० च्या सुमारास या प्रश्नाचा विचार करून किण्व व जंतु या दोन्ही वाटा संभवतात असें दाखविलें. बिहारांतील निळवाल्यांच्या संघासाठीं काम करणाऱ्या बर्गटाइल यानें १९०४ सालीं आपला कौल पानांतील किण्वाच्या बाजूनें दिला. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत पुसा येथील सरकारी जंतुशास्त्रज्ञ हचिन्सन यानें हौदांतील जंतूंच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधलें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. किण्व कर्ता असेल तर सुधारणा झाडाच्या जातींत व कापणीच्या वेळेंत केली पाहिजे; जंतु कर्ता असेल तर चांगल्या जंतूंचें विरजण तयार करून हौदांत घातलें पाहिजे. बिहारांतल्या निळवाल्यांच्या पैशानें व सरकारच्या साहाय्यानें चाललेलें हें संशोधन म्हणजे जर्मन कारखान्यास शेतांतून व हौदांतून उत्तर देण्याची धडपड होती. उत्तर तोकडें पडलें. तें का पडलें याचें एक कारण असें कीं, एकीकडे एका रेणूवर सारी बुद्धि व सारें भांडवल एकवटलें होतें, तर दुसरीकडे शतकभर सक्तीच्या स्वस्त शेतमालावर नफा काढणाऱ्या धंद्याला शास्त्राची आठवण घराला आग लागल्यावर झाली. ज्याला कच्चा माल जुलमानें स्वस्त मिळतो, त्याला सुधारणेची गरज भासत नाहीं. आणि गरज भासते तेव्हां वेळ निघून गेलेली असते.

आता या पराभवाची किंमत कोणीं दिली तें पाहूं. बिहारांतील चंपारण जिल्ह्यांत तिनकठिया नांवाची पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या दर बिघ्यामागें तीन कठ्ठे जमीन रयतेनें निळीखालीं घातलीच पाहिजे, असा तो करार. कृत्रिम निळीमुळें भाव कोसळले तेव्हां साहेबांना नीळ नकोशी झाली. मग त्यांनीं रयतेला या बंधनांतून आनंदानें मोकळें करावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं. ज्या जमिनीवर कायमचा हक्क होता तेथें मोकळीकीच्या मोबदल्यांत खंड वाढवून घेतला. यास शरहबेशी म्हणत. इतरत्र एकरकमी भरपाई उकळली. तिला तावान म्हणत. म्हणजे नीळ पेरणें हा जसा रयतेचा भुर्दंड, तसाच न पेरणें हाही रयतेचाच! लुडविग्सहाफेन येथील कारखान्यानें केलेला घाव साहेबांनीं आपल्या अंगावरून झटकून चंपारणच्या कुळांच्या पाठीवर उतरविला. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होऊन जर्मन माल बंद झाला, नैसर्गिक निळीचे भाव वाढले, आणि जेथें संधि होती तेथें जुनी सक्ति पुन्हा डोकें वर काढूं लागली. राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याच्या आग्रहावरून १९१७ च्या एप्रिलांत गांधीजी चंपारणांत गेले. सरकारनें चौकशी समिति नेमली, तावानाचा चौथा हिस्सा परत करविला, वाढीव खंडांत घट केली, आणि १९१८ च्या कायद्यानें तिनकठिया पद्धत रद्द झाली. चंपारणचा लढा हा आपण स्वराज्याच्या इतिहासांत वाचतों व तें योग्यच आहे. परंतु त्याचें एक मूळ रसायनशास्त्राच्या इतिहासांतही आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

यानंतर निळीचें राज्य डांबराच्या व पुढें खनिज तेलाच्या रसायनांकडे गेलें तें आजतागायत तेथेंच आहे. आज जगांत खपणारी बहुतेक नीळ कारखान्यांत बनते व तिचा मोठा भाग जीनच्या विजारींचें कापड रंगविण्यांत खर्चीं पडतो. वनस्पतींची नीळ तमिळनाडूसारख्या कांहीं भागांत थोड्या प्रमाणावर निघते, एवढेंच.

मग जंतु पुन्हा रंगभूमीवर आला कसा? १९२८ सालीं इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें ग्रे या संशोधकास मातींत असा एक जंतु आढळला कीं, जो इंडोल नांवाच्या द्रव्यापासून स्वतःच नीळ बनवीत असे. त्या वेळीं ही एक मौजेची गोष्ट म्हणून राहिली. तिचें व्यापारी महत्त्व दिसूं लागलें तें जंतूंचीं जनुकें एकांतून दुसऱ्यांत घालण्याची युक्ति साधल्यावर. १९८३ सालीं अमेरिकेंत एन्स्ले व त्यांचे सहकारी स्यूडोमोनास या मातींतील जंतूचीं नॅफ्थॅलीन फोडणारीं जनुकें ई. कोलाय या आंतड्यांतील जंतूंत घालून पाहत होते. त्या वसाहती निळ्या झाल्या. ई. कोलाय आपल्या अन्नांतील एका घटकापासून इंडोल बनवितो; परक्या जनुकानें त्या इंडोलाचें इंडॉक्सिल करण्यास हात दिला; आणि हवेनें, बिहारच्या हौदांत करी तेंच काम करून, त्याची नीळ केली. पहिल्या कारखान्याची नीळ ज्या डांबराच्या गोळ्यांच्या द्रव्यापासून निघाली, तेंच द्रव्य पचविण्याची शक्ति जंतूला नीळ बनवावयास उपयोगी पडली. इतिहास कधीं कधीं असा आपल्याच पावलावर पाऊल ठेवून चालतो.

पुढें जेनेन्कोर या अमेरिकन कंपनीनें साखरेपासून सरळ नीळ देणारा जंतु तयार केला. आरंभीं त्या निळींत एका उपद्रव्यामुळें तांबूस छटा येत असे. ती काढण्याचाही उपाय सांपडला. तथापि ही जंतुजन्य नीळ बाजारांत कृत्रिम निळीची जागा घेऊं शकली नाहीं. शंभर वर्षें घासून पुसून स्वस्त केलेल्या पद्धतीशीं नव्या पद्धतीची ही पहिली झटापट होती. इतर कांहीं रंगांच्या बाबतींत मात्र जंतूंची सरशी झाली आहे. रिबोफ्लेविन हें पिंवळें द्रव्य, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व, पूर्वीं मोठ्या प्रमाणावर रासायनिक कृतीनें करीत. आतां तें आंबवणानें करितात, आणि तें काम करणारी एक बुरशी मूळची कपाशीच्या बोंडांवरील रोगाची आहे. गाजराच्या रंगाचें कॅरोटीन दुसऱ्या एका बुरशीकडून मिळतें. स्पायरुलिना या सूक्ष्म शेवाळाच्या निळ्या रंगाला अमेरिकेच्या सरकारनें २०१३ सालीं मिठाईंत वापरण्यास परवानगी दिली. चीनमध्यें तर तांदुळावर मोनास्कस बुरशी वाढवून लाल रंग करण्याची चाल शेंकडों वर्षांची आहे. परंतु त्याच बुरशीचे कांहीं प्रकार सिट्रिनिन नांवाचें, मूत्रपिंडास अपाय करणारें विषही निर्माण करितात. तेव्हां 'नैसर्गिक' हा शब्द म्हणजे निर्धोकपणाची सनद नव्हे, हें आपल्या घरांतील माणसांनीं डब्यावरचें नांव वाचतांना विसरूं नये.

जुन्या रंगाऱ्याच्या रांजणाकडेही आतां शास्त्र परत वळलें आहे. कारखान्यांत नीळ विरघळविण्यास सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात व त्याचा उरलेला भाग सांडपाण्याबरोबर बाहेर जातो. २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील संशोधकांनीं नीळ देणाऱ्या एका जपानी वनस्पतीचें जनुक जंतूंत घालून त्याच्याकडून निळीऐवजीं इंडिकनच तयार करवून घेतलें. हें इंडिकन पाण्यांत विरघळतें. तें कापडावर लावावें, मग किण्वानें फोडावें, आणि हवेनें तेथेंच निळें होऊं द्यावें, म्हणजे क्षपणाच्या रसायनाची गरजच राहत नाहीं. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ही युक्ति गुळीच्या पानाची आहे. पान आपल्या पोटांत नीळ ठेवीत नाहीं. तें साखरेला बांधलेलें इंडॉक्सिल ठेवतें. एकशें पन्नास वर्षें पानाला टाळून जाण्याचा यत्न केल्यावर शास्त्र पुन्हा पानापाशीं शिकावयास आलें, ही त्याच्या मोठेपणाचीच खूण आम्ही समजतों.

एवढ्या इतिहासावरून निष्कर्ष काय निघतो? वोडची, गुळीची, डांबराची आणि जंतूची, अशी कोणतीही नीळ घ्या. रंगाचा रेणु एकच आहे. रसायनशास्त्राला त्यांत भेद दिसत नाहीं. भेद आहे तो एवढाच, कीं तो रेणु कोणाच्या श्रमानें, कोणाच्या मालकीनें व कोणाच्या नुकसानीवर तयार झाला. वोडकडून गुळीकडे, गुळीकडून डांबराकडे अशीं दोन स्थित्यंतरें झालीं. दोन्ही वेळां ग्राहकाला माल स्वस्त मिळाला, दोन्ही वेळां व्यापाऱ्याची व कारखानदाराची सोय झाली, आणि दोन्ही वेळां ज्याला त्या निर्णयांत तोंड उघडावयास जागा नव्हती त्याच्या पदरीं तोटा आला. तिसरें स्थित्यंतर आतां दाराशीं आहे.

या तिसऱ्या खेपेस दोन गोष्टी नव्या आहेत. पहिली मालकीची. रंगाऱ्याच्या रांजणांतला जंतु कोणाचाच नव्हता. शेजारच्या रांजणांतून ओंजळभर गाळ मागून आणतां येत असे. परंतु १९८० सालीं आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाल्यांत जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मनुष्यानें घडविलेला जिवंत जंतूही पेटंटास पात्र असल्याचा निर्णय, पांच विरुद्ध चार मतांनीं, दिला. त्यांचाही जंतु स्यूडोमोनासच्याच कुळांतला होता. तेव्हांपासून विरजणावरही मालकी सांगतां येते. शास्त्रज्ञाला श्रमाचें फळ मिळूं नये असें कोणीही म्हणणार नाहीं. पण ज्या विद्येचा पाया अनाम रंगाऱ्यांनीं घातला तिच्या शिखरावर एकाच कंपनीचें कुलूप बसावें, हेंही न्याय्य म्हणतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट शेताची. टाकींतला जंतु हवेवर जगत नाहीं. त्याला साखर लागते, आणि साखर ऊस, मका अशा पिकांतून येते. म्हणजे शेत नाहींसें होत नाहीं. तें केवळ दृष्टीआड होतें. पूर्वीचा शेतकरी रंग पिकवीत होता. यापुढचा शेतकरी रंग बनविणाऱ्याचें खाद्य पिकवील. उसाच्या महाराष्ट्राला यांत संधि आहे असें कोणी म्हणेल, व तें खोटें नाहीं. परंतु संधि आणि तिनकठिया यांतला फरक पिकांत नसतो, करारांत असतो. टाकी कोणाची, जंतु कोणाचा, भाव कोण ठरविणार, आणि धंदा बुडाला तर तोटा कोणीं सोसावयाचा, हे चार प्रश्न चंपारणच्या शेतकऱ्याला विचारूं दिले नव्हते. ते आज विचारतां येतात. आमच्या विद्यापीठांतून जंतुशास्त्राचे हुशार विद्यार्थी दरसाल बाहेर पडतात. त्यांनीं हौदांतील अदृश्य कारागिरांची ओळख तर करून घ्यावीच, पण हौदाच्या कांठावर उभ्या असलेल्या, डोळ्यांस चांगल्या दिसणाऱ्या माणसांकडेही पाहावें. निळीच्या इतिहासांत जंतु फार काळ दिसला नाहीं, कारण तो सूक्ष्म होता. रयत दिसली नाहीं, त्याला मात्र असें कोणतेंही शास्त्रीय कारण नव्हतें.